दोनला पंधरा कमी

मागच्या महिन्यात धाकट्या लेकीकडे जायचं म्हणून जावयानं विमानाचं तिकीट काढून दिलं. तिकीट काढून आठवडा झाला नसेल, तोच खिशातला मोबाइल कुरकुरला. ‘आपल्या विमानाची वेळ बदलली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. या संदेशाला उत्तर देऊ नये.’ काही दिवसांनी पुन्हा कुरकुरला. पुन्हा वेळ बदललेली, पुन्हा दिलगिरी, पुन्हा उत्तर देऊ नये.

मला हसूच आलं. आमच्या मावशीचं अख्खं आयुष्य ह्या शेवटच्या वाक्याच्या उलट गेलं. तिनं निरोप दिला की माणसं उत्तर द्यायचीच, आणि असलं द्यायची की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावीत.

मावशी म्हणजे माझ्या आईच्या पाठची बहीण. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. लहानपणी ती अंगणातून हाक मारायची तेव्हा आमची गुरं तर यायचीच, शेजारच्यांचीही दोन-चार यायची. लग्न झालं, पण नवऱ्याशी पटलं नाही. का पटलं नाही हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायची, “त्याला शांत बाई हवी होती, मग त्यानं शांत बाई केली.” एवढ्यावर विषय मिटला. माहेरी बसून भावजयांचं तोंड बघण्यापेक्षा शहर बरं म्हणून ती बाहेर पडली आणि चपलांच्या दुकानाच्या वर एक विमानाच्या तिकिटांचं ऑफिस होतं, तिथं चिकटली.

त्या ऑफिसचा लाकडी जिना अजून माझ्या पायांना आठवतो. मधली एक पायरी दबायची आणि ओरडायची. कोण आलं ते मावशी त्या ओरडण्यावरून ओळखायची. जड माणूस असला तर पायरी हंबरायची, हलका असला तर नुसती चुकचुकायची. जिन्यात नव्या चामड्याचा वास. वर गेलं की एक लांबट खोली, पंखा, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. भिंतीवर विमान कंपन्यांची कॅलेंडरं. साल उलटून गेलेलं असायचं, पण विमान चांगलं दिसतंय म्हणून मालक काढू द्यायचे नाहीत. तारीख बघायला म्हणून मावशीनं स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली एक साधं कॅलेंडर ठेवलं होतं. आणि टेबलावर काळा, जडशीळ फोन. त्याच्या तबकडीला बारकं कुलूप. पहिल्या वर्षी किल्ली मालकांच्या खिशात असायची. पुढं ती मावशीच्या कमरेला आली ती नोकरी संपेपर्यंत.

तिकीट विकायचं काम मालकांचं. मावशीचं काम सांगायचं. त्या काळी तिकीट म्हणजे लाल कार्बनचं पातळ पुस्तक. त्यावर एकदा वेळ छापली की ती छापलेलीच राहायची, विमान मात्र आपल्या मनानं पुढंमागं व्हायचं. मोठ्या शहरातल्या कंपनीच्या ऑफिसातून फोन यायचा, अमक्या दिवसाचं अमकं विमान इकडून तिकडं सरकलं. कंपनीचं काम तिथं संपलं. तो एक निरोप माणसामाणसापर्यंत पोचवायला मावशीचा दिवस जायचा.

कारण घरोघर फोन कुठं होते. माणसं तिकीट काढताना शेजारचा नंबर देऊन जायची. कुणाचा दवाखान्याचा, कुणाचा लाकडाच्या वखारीचा, कुणाचा सोनाराचा. मावशी फोन लावायची, पलीकडचा माणूस पळत जाऊन बोलावून आणायचा, तोवर ती फोन कानाला लावून वखारीतली करवत ऐकत बसायची. एक दात काढणारा डॉक्टर होता. तो रिसीव्हर रोग्याच्या शेजारीच ठेवून जायचा. मावशी म्हणायची, “अर्ध्या गावाच्या दाढा माझ्या कानादेखत निघाल्यात.”

निरोप द्यायची तिची एक पद्धत होती. पहिलं वाक्य ठरलेलं. “घरी सगळं ठीक आहे, घाबरू नका.” कारण शेजाऱ्याकडे फोन आलाय म्हटलं की माणूस धावतच यायचा, कोण गेलं म्हणून. पण ह्या वाक्यानंही कधी कधी घोळ व्हायचा. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “ठीक आहे म्हणजे? आधी काय झालं होतं?” त्याला समजावता समजावता त्याच्या विमानाची गोष्ट राहूनच गेली आणि पुन्हा फोन करावा लागला.

मग दुसरं वाक्य, विमानाची वेळ बदलली. की झाली सुरुवात. माणसं तिच्यावरच घसरायची. “मी रजा काढलीय तिचं काय?” “मी न्यायला गाडी सांगितलीय तिचं काय?” एका बाईनं तर तिला शाप दिला. मावशी सगळं ऐकून घ्यायची. मधे बोलायची नाही. समोरच्याचा दम संपला की म्हणायची, “झालं? आता वेळ लिहून घ्या.” आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, “आता तुम्ही मला परत सांगा.” माणसाच्या तोंडून वेळ वदवून घेतल्याशिवाय ती फोन ठेवायची नाही.

“एवढं कशाला, मावशी?” मी एकदा विचारलं.

“अरे, माणूस रागावला की त्याला स्वतःचंच ऐकू येतं,” ती म्हणाली. “त्याच्या तोंडात घातलं तरच त्याच्या कानात जातं.”

मी तेव्हा त्याच ऑफिसखाली जीप लावायचो. गावाकडून आलो होतो, भाड्यानं जीप चालवायचो. चपलांच्या दुकानापुढं सावली बरी मिळायची आणि वर मावशीचा चहा. त्यामुळं पुढं जे घडलं त्यात स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

आमच्यापासून विमानतळ लांब. त्या वाटेवर एक गाव लागायचं, आणि त्या गावात एक गवंडी होता. परदेशात कामाला होता, दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. लोकांच्या भिंती अशा बांधायचा म्हणे की ओळंबा लावावा लागू नये. स्वतःच्या घराला मात्र प्लास्टर नव्हतं. त्या खेपेला तो रजेवर आला, आईची दुखणी काढली, लेकीला शाळेत वरच्या वर्गात बसवलं आणि परतीचं तिकीट मावशीच्या ऑफिसातून घेतलं. जाताना मावशीला म्हणाला, “बाई, हे विमान चुकलं तर मी चुकलो. आमचा मुकादम एक दिवस थांबत नाही. मागं एक सुतार उशिरा आला, तर त्याच्या खाटेवर दुसरा झोपलेला होता. परत पाठवला त्याला, तसाच.”

“चुकायला काय झालंय,” मावशी म्हणाली. “नंबर द्या.”

त्यानं त्या गावातले सगळे द्यायचे तोच, पिठाच्या गिरणीचा नंबर दिला.

विमान शनिवारी संध्याकाळचं. शुक्रवारी दिवस कलताना कंपनीचा फोन आला की ते संध्याकाळचं विमान आता दुपारी सुटणार. पावणेदोनला. मावशीनं लगोलग गिरणीत फोन लावला. गिरणी चालू. पलीकडून घरघर आणि त्या घरघरीत गिरणीवाल्याचा आवाज. गवंडी घरी नव्हता. निरोप घेतो म्हणाला.

मावशी ओरडली, “घरी सगळं ठीक आहे. गवंड्याला सांगा, उद्याचं विमान. उद्या दुपारी.”

“उद्या दुपारी. बरं.”

“पावणेदोन.”

“किती?”

“पावणे दोन. दोन. पावणे.”

“पावणे दोन. विमानाचे. बरं बरं.”

“आता मला परत सांगा.”

“उद्या दुपारी, विमान, पावणे दोन.”

“बरोबर,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

आता ह्यात चूक कुणाची काढणार तुम्ही? आमच्याकडं पाहुण्याला पावणा म्हणतात. शहरात गेलेली माणसं त्यात ‘हु’ घालून बोलतात, बोलोत बापडी. आम्ही जन्मभर पावणाच म्हणत आलो आणि पावण्यालाही त्याचं काही वाटलं नाही. गिरणीवाला आमच्यातलाच. त्यानं ऐकलं ते बरोबर ऐकलं, परत सांगितलं तेही बरोबर सांगितलं. अंगावरचं पीठ झटकून तो गवंड्याच्या घरी गेला आणि म्हणाला, “उद्या दुपारी तुमच्याकडं पावणे येणार आहेत. दोन. विमानानं.”

त्या घरात विमानानं पावणे कधी आले नव्हते. गवंड्याला वाटलं, मुकादमानं कुणाला पाठवलं असेल, नाहीतर तिकडचं कुणी साहेब माणूस असेल. त्याच्या आईला वाटलं, कुणी का असेना, घर झाडलं पाहिजे.

शनिवारी सकाळी मी वर चहाला गेलो होतो. चपलांचं दुकान नुकतंच उघडत होतं. फोन वाजला. मावशीनं उचलला. पलीकडून गिरणीवाला.

“बाई, गवंड्याच्या आईनं विचारलंय, पावणे मासे खातात ना? नाहीतर दुसरं काही करायला बरं.”

“कुठले पावणे?”

“तुम्हीच नाही का काल सांगितलं, विमानाचे? दोन.”

मावशीचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. कपाळावरची शीर उठली.

“गिरणी बंद करा,” ती म्हणाली.

“अहो, जात्यात दाणा आहे.”

“असू दे. बंद करा आधी.”

पलीकडची घरघर थांबली. इतकी वर्षं त्या नंबरावर ती बोलत होती, पण तिथं शांतता तिनं पहिल्यांदा ऐकली. मग एकेक शब्द सुटा करून बोलली. “पावणे म्हणजे माणसं नाहीत. वेळ आहे. विमान सुटायची वेळ. दोनला पंधरा कमी. गवंडी कुठं आहे?”

गिरणीवाला आधी ‘अरे देवा’ म्हणाला. मग म्हणाला, “तळ्यावर गेलाय. पावण्यांसाठी मासे धरायला.”

मावशीनं फोन ठेवला, लगेच दुसरा लावला. विमानतळावर काउंटरवर एक माणूस होता. त्याला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण फोनवर त्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालायची. त्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा. हा माणूस दाराएवढा रुंद असणार, असं ती मला सांगायची.

“माझा एक माणूस येतोय,” मावशी म्हणाली. “काउंटर उघडं ठेवा.”

“ताई, विमानाच्या तासभर आधी बंद होतं. नियम आहे.”

“वेळ तुम्ही बदलली.”

“मी कुठं बदलली? वरून आलं.”

“मग वरच्यांना सांगा, खालून माणूस येतोय.”

“ताई, माझी नोकरी जाईल.”

“त्याची आत्ता जातेय,” मावशी म्हणाली. “तुमची जायची तेव्हा मी तुमच्यासाठी पण फोन करीन.”

पलीकडून काही ‘हो’ आलं नाही. नुसता घागरीतला श्वास. मावशीनं तेवढ्यावर भागवलं, कमरेची किल्ली सोडून मालकांच्या टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, “चल.”

मालक उठून उभे राहिले. “अगं, दुपारचे फोन कोण करणार? आज दोन विमानं सरकलीत.”

“तुम्ही करा. आधी म्हणायचं, घरी सगळं ठीक आहे.”

जिन्याची पायरी त्या दिवशी ओरडली की नाही ते मला आठवत नाही, इतक्या वेगानं आम्ही उतरलो.

वाटेत मावशी पदर आवळून ताठ बसली होती. मी दोनदा सांगून बघितलं की चूक तिची नाही, शब्दच तसा आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पुढं बघ. बैलगाडी आहे.” बैलगाडी कुठंच नव्हती.

गावात शिरलो तेव्हा गवंडी गिरणीच्या ओट्यावर उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माशांची जाळी, आणि हलायला तयार नाही. गिरणीवाल्यानं त्याला तळ्यावरून ओढून आणलं होतं, पण गवंड्यानं खिशात जपलेलं तिकीट काढून दाखवलं होतं. त्यावर संध्याकाळची वेळ छापलेली.

मावशी जीपमधून उतरली. “चला. विमान दुपारचं आहे.”

“बाई, काल तुम्हीच पावणे पाठवलेत,” गवंडी म्हणाला, “आणि आज म्हणता पावणे नाहीत, विमान आहे. छापलंय ते खोटं आणि तोंडचं खरं, असं कसं?”

“पावणे आले का?”

“अजून वेळ आहे त्यांना.”

“अहो, यायचेच नाहीत ते. मी वेळ सांगितली आणि ह्यांनी माणसं ऐकली. मी एवढ्या लांबून गाडी करून उगाच आले का? ऑफिसात जाऊन बसले असते पंख्याखाली.”

गवंड्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी जीप चालूच ठेवली होती. मला वाटतं, त्याला त्या चालू इंजिनानं पटवलं. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण डिझेल उगाच कोण जाळतं?

मग मात्र तो पळाला, आणि आम्ही त्याच्या मागं. घर पाणी शिंपडून, खोल्या झाडून लख्ख केलेलं. दारात त्याची म्हातारी आई नवी चादर झटकत होती. जीपमधून उतरलेली एक बाई आणि एक बाप्या बघून ती आत वळून सुनेला म्हणाली, “आले बरं का पावणे. दोनच म्हणाले होते, दोनच आलेत. बसा, पाणी घ्या.”

“आजी, आम्ही पावणे नाही,” मी म्हणालो.

“सगळे असंच म्हणतात,” म्हातारी म्हणाली आणि तांब्या पुढं केला.

समजावून सांगायला कुणाकडे सवड नव्हती. गवंडी सदरा बदलेपर्यंत त्याच्या बायकोनं बॅग उघडली आणि खाटेवर जे जे पडलं होतं ते उचलून त्यात कोंबलं. म्हातारीला एवढंच कळलं की पावणे बसत नाहीत. तिनं चुलीवरचा भात आणि आदल्या दिवशीचे मासे डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं, ही बाई आता रडेल. ती म्हणाली, “डबा परत द्या. जोडीतला आहे.”

जीप निघाली आणि गावाबाहेर येताच गवंडी म्हणाला, “शाळेवरून घ्या.”

मावशीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“संध्याकाळचं विमान म्हणून पोरीला शाळेत धाडली. दुपारी येतेच आहे म्हटलं, मग निघू. आता दोन वर्षं दिसायची नाही.”

शाळा वाटेपासून थोडी आत होती. मावशीनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ती आयुष्यभर लोकांना वेळेवर निघा, वेळेवर निघा म्हणत आली होती. मला वाटलं, नाही म्हणणार.

“वळव,” ती मला म्हणाली. “पण त्यांना उतरू देऊ नकोस. पोरीलाच बाहेर आण.”

मीच आत गेलो. गणिताचा तास चालू होता. पोरगी माझ्याबरोबर उड्या मारत बाहेर आली. बापाला जीपमध्ये बघून म्हणाली, “चाललास?”

“हो. विमान लवकर आहे.”

“मग गणिताचा तास संपेपर्यंत थांब ना.”

बापाला हसू फुटलं. त्यानं खिडकीतून हात घालून तिचं नाक ओढलं, काहीतरी पुटपुटला, आणि मी जीप सोडली. आरशात बघितलं तर पोरगी अजून फाटकातच उभी होती. बापाला हात दाखवायला की गणित टाळायला, कुणास ठाऊक. मावशी समोर बघत होती. गवंडी मागं बसून तोंड पुसत होता. चेहऱ्याला चिखल लागला होता म्हणाला.

विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ केव्हाच टळून गेली होती. आत काचेपलीकडे फक्त एक दिवा चालू. तिथं वजनकाट्यापाशी एक माणूस गुडघ्यावर बसून काट्याचं झाकण उघडून आत बघत होता आणि त्याच्या मागं त्याचा साहेब चरफडत उभा.

“अजून किती वेळ?” साहेब म्हणाला.

“झालंच, सर. काटा अडकलाय. नीट केल्याशिवाय उद्या वजनं चुकतील.” तो घागरीतला आवाज.

मावशी थबकली. हा दाराएवढा माणूस प्रत्यक्षात तिच्यापेक्षाही बारीक होता. सदरा त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा.

त्यानं मान वर केली. चिखलाचे पाय बघितले, बॅग बघितली, मावशीकडे बघितलं. काटा तत्क्षणी दुरुस्त झाला.

“तुम्हीच का ताई?” बॅग काट्यावर घेता घेता तो म्हणाला. “मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.”

“आणि मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल.”

“घरी खायला कोण देतंय,” तो म्हणाला आणि बॅगेला चिठ्ठी बांधली.

साहेब काही बोलणार होता, पण तोवर गवंडी आत पळत गेला होता. काचेपलीकडून वळून त्यानं मावशीला हात जोडले. मावशीनं त्याला हातानं दटावलं, जा, पुढं बघ.

मग आम्ही बाहेर कुंपणापाशी जाऊन बसलो. मी म्हणालो, “मावशी, तू इतकी वर्षं ह्याच धंद्यात, विमान कधी जवळून बघितलंस का?”

“कॅलेंडरवर आहे की,” ती म्हणाली. पण उठली नाही. म्हाताऱ्या आजीचा डबा उघडून आम्ही दोघांनी भात-मासे खाल्ले. पावण्यांच्या नावचं ते, आणि आम्हाला चांगलंच रुचलं. विमान काही हलेना. पावणेदोन झाले, दोन झाले, दोन वाजून गेले. मग कुठं ते सरकलं.

मावशी बोटं चाटत म्हणाली, “बघ. आणि आपल्याला कुणी कळवलं का?”

डबा जीपमध्येच विसरून परत ऑफिसात गेलो तर मालकांचा आवाज बसला होता. दिवसभर त्यांनी फोन केले होते. मला वाटलं, मावशीला झापतील. त्यांनी किल्ली तिच्यापुढं सरकवली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “हे लोक रोज एवढं बोलतात तुला?”

“आज शनिवार आहे म्हणून कमी,” मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं ‘पावणे’ हा शब्द टाकला तो टाकलाच. वेळ सांगताना दोनला पंधरा कमी, सातला पंधरा कमी. घरातसुद्धा. पोरंसोरं तिला मागनं ‘पंधरा कमी’ म्हणायला लागली. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, “म्हणू दे. कमीच आहेत, जास्त तर नाहीत.”

पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विमान मिळालं खरं, पण पुढं दुसऱ्या शहरात विमान बदलायचं होतं. तेही सरकलं असेल तर? मुकादमानं खाट दुसऱ्याला दिली असेल तर? एवढी वर्षं तिचं काम वेळ सांगून संपायचं. माणूस पुढं पोचला की नाही, हे तिला कुणी कधी कळवलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. रविवारी ऑफिस बंद, तर ती माझ्या खोलीवर येऊन बसली आणि माझ्या गंजीफ्रॉकाला नको तिथं टाके घालत राहिली. सोमवारी फोन वाजला की ती पहिल्या घंटेला उचलायची, नि प्रत्येक वेळी कुणीतरी तिकिटाचा भाव विचारायचं.

मंगळवारी मी वर होतो तेव्हा फोन आला. लाइनीत खरखर, आवाज लांबून, मागं कुठंतरी हातोडे चालू.

“बाई, मी गवंडी.”

मावशी उभी राहिली. “बोला. घरी सगळं ठीक आहे.”

“पोचलो. कामावर आहे. मुकादम दारातच उभा होता, घड्याळ बघत.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. खाट दाखवली.”

मावशी खाली बसली. लंगड्या खुर्चीवर बसली हेही तिच्या ध्यानात आलं नाही. मालकांनी ऐकत नसल्यासारखं करत कॅलेंडर सरळ केलं.

“बाई, एक निरोप आहे घरी द्यायला. पैसे संपतील, पटकन सांगतो. घाईत माझ्या बॅगेत पोरीचा शाळेचा स्वेटर आलाय. ती हरवला म्हणून घर शोधत असेल. तिच्या आईला सांगा, पोरीला मारू नका. तिनं हरवला नाही. मी गावाकडं येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून देतो.”

“आता मला,” मावशी म्हणाली आणि थांबली. ‘परत सांगा’ म्हणायची सवय तोंडापर्यंत आली होती. ह्या वेळी तिनंच सांगितलं. “स्वेटर तुमच्याकडं आहे. पोरीला मारायचं नाही. पाठवून देता.”

“बरोबर,” गवंडी म्हणाला आणि फोन कटला.

मी म्हणालो, “लाव गिरणीला. सांगून टाक.”

मावशीनं रिसीव्हर हातातच धरला होता. तबकडीवर बोट ठेवलं, काढलं.

“गिरणीतून नको,” ती म्हणाली. “तिथं गेलं की स्वेटरचं काय होईल सांगता येत नाही. आणि तोवर पोरीला दोन धपाटे बसायचे.”

“मग?”

“जीपमध्ये डिझेल आहे का?”

“आहे. पण माझं आहे.”

“असू दे. डबा पण द्यायचाय त्यांचा. जोडीतला आहे.”

मालकांकडे बघून तिनं किल्ली टेबलावर ठेवली. मालकांनी फोन स्वतःकडे ओढून घेतला, घसा खाकरला, आणि आम्ही जिन्यावर असतानाच वरून त्यांचा आवाज आला, “हॅलो, घरी सगळं ठीक आहे, घाबरू नका.”